बी, पाणी आणि पेरॉक्साइड

मे महिना लागला की मला फोन यायला लागतात. घरचंच सोयाबीन पेरायचं आहे, उगवण किती धरू? कारल्याचं बी पंधरा दिवस झाले तरी वर आलं नाही, उकरून बघू का? बीज परीक्षण प्रयोगशाळेतून मी निवृत्त झाले, पण लोकांच्या लेखी अजून ‘बियाणंवाल्या ताई’च आहे, आणि मला ते आवडतं. गेल्या काही वर्षांत या प्रश्नांमध्ये एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. बी भिजवायच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं का? गच्चीवर भाजीपाला लावणाऱ्या बायका विचारतात, रोपवाटिकावाले विचारतात. यंदा हाच प्रश्न थेट कॅनडातून आला. विचारणारा माझा भाचा होता आणि बी होतं गांजाचं.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर आहे. भाचा राहतो त्या ओंटारिओ प्रांतात घरी चार झाडं लावता येतात. माणशी चार नव्हे, घरामागे चार, आणि बी घ्यायचं ते परवाना असलेल्या दुकानातूनच. आपल्याकडे यातलं काहीही चालत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतून नुसतं बी आणि नुसती पानं वगळलेली आहेत, म्हणून काहींचा गैरसमज होतो. पण परवान्याशिवाय झाड लावणं हा गुन्हाच आहे, आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्तराखंडने २०१८ मध्ये भांगेच्या, म्हणजे याच झाडाच्या, लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली ती धागा आणि बी यांसाठी, आणि त्या वाणात नशा आणणारा टीएचसी हा घटक ०.३ टक्क्यांच्या आत असावा लागतो. तेव्हा हे वाचून कुणी गच्चीवरच्या कुंडीत प्रयोग करू नये, हे कळकळीने सांगते. भाच्याला मी जे सांगितलं ते मात्र कारलं, पपई, सूर्यफूल, झिनिया यांनाही बरंचसं लागू आहे, म्हणून इथे लिहिते आहे.

हे झाड आपल्याला परकं नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत, असं संशोधन २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आलं होतं. तो गिलावा इतकी शतकं टिकला, किडीने पोखरला नाही, त्यात या मिश्रणाचा वाटा असावा असं संशोधकांचं म्हणणं आहे. मी स्वतः हे बी पहिल्यांदा हातात घेतलं ते अल्मोड्याच्या बाजारात. कुमाऊँमध्ये ते भाजून, वाटून, लिंबू पिळून चटणी करतात. बियांत नशा नसते, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही या बियांना, त्यांच्या तेलाला आणि पिठाला खाद्य म्हणून मान्यता दिली. चटणीसाठी घेतलेल्या बियांतले काही दाणे मी सवयीने तळहातावर पसरले. तीन ते पाच मिलिमीटरचा दाणा, एका बाजूला बारीक कंगोरा, अंगावर राखाडी-तपकिरी नक्षी. बोटांनी चोळल्यावर ती नक्षी पापुद्र्यासारखी निघून आली आणि खाली गुळगुळीत, एकरंगी कवच दिसलं. आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर सूर्यफुलासारखं कोरडं फळ आहे. बाहेरचं कवच फळाचं, आतला दाणा बियाचा. दाणा फोडला तर आत अंकुर वळून, मूळ आणि पानं शेजारी शेजारी ठेवून बसलेला दिसतो. बाकी सगळं तेल आणि प्रथिनं. वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा तेलाचा. हे तेल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाच्याची तक्रार अशी होती की महागाचं बी, आणि निम्म्याहून अधिक उगवलंच नाही. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की पाण्यात पेरॉक्साइड घातलं नाही म्हणून असं झालं. मी म्हटलं, “अरे, ते नंतर बघू. आधी सांग, भिजवलं कशात, किती वेळ, आणि खोली किती गार होती?” तो म्हणाला, “मावशी, तळघरात ठेवलं होतं. काचेच्या पेल्यात, चार दिवस. तिथे सोळा अंश असतं एप्रिलमध्ये.” मला काय ते कळलं.

बी पाण्यात पडलं की पहिले काही तास ते नुसतं पाणी पितं. यात जीव लागत नाही. मेलेलं बीही पाणी पिऊन फुगतं, म्हणून फुगलेलं बी पाहून खूश होऊ नये. त्यानंतर बाहेरून काहीच घडत नाही असा एक काळ जातो, आणि खरं काम तेव्हाच चाललेलं असतं. साठवणीत मोडलेल्या जनुकीय धाग्यांची दुरुस्ती होते, पेशींतली ऊर्जाकेंद्रं चालू होतात, झोप टिकवणारं अ‍ॅब्सिसिक आम्ल उतरतं आणि उगवण घडवणारं जिबरेलिन चढतं. मग कवच उकलतं आणि मूळ बाहेर येतं. या मधल्या काळात बियाला ऊब लागते आणि श्वास लागतो. पेल्यात बुडून राहिलेल्या बियाला ऑक्सिजन पुरत नाही, कारण पाण्यात तो मुळात थोडाच विरघळतो. बारा ते अठरा तास भिजणं पुरे. चोवीस तासांपुढे बी गुदमरायला लागतं, आणि गारठ्यात हा सगळा कारभार इतका मंदावतो की बुरशी अंकुराच्या पुढे निघून जाते. प्रयोगशाळेत भांगेच्या बियाची चाचणी वीस अंशांवर किंवा वीस आणि तीस अंशांच्या आलटून-पालटून तापमानात घेतात. तिसऱ्या दिवशी पहिली मोजणी, सातव्या दिवशी शेवटची. चांगल्या बियाला आठवडा खूप झाला.

आता पेरॉक्साइड. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू असतो, यात दोन असतात, आणि तो दुसरा अणू फार वेळ टिकून राहायला तयार नसतो. १८१८ मध्ये तेनार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे द्रव्य पहिल्यांदा तयार केलं. आपण ते औषधाच्या दुकानातून जखम धुवायला आणतो, आणि जखमेवर फेस येतो तो रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटलेज नावाच्या एन्झाइममुळे. कॅटलेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. घरच्या घरी पाहायचं तर कच्च्या बटाट्याच्या ताज्या कापावर दोन थेंब टाका, कापाभर पांढरा फेस धरतो. तोच बटाटा उकडून थंड करा आणि पुन्हा टाका, थेंब तसाच बसून राहील, कारण उष्णतेने कॅटलेज निकामी झालेलं असतं.

कॅटलेज बियातही असतं, आणि भरपूर असतं. का असतं, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. तेलबियांमध्ये अंकुराची शिदोरी तेलाची असते, पण वाढीला लागते साखर. तेलाची साखर करण्याचं काम ग्लायऑक्सिसोम नावाच्या बारीकशा कप्प्यांत चालतं. हे कप्पे १९६७ मध्ये ओळखले गेले ते आपल्या ओळखीच्या एरंडाच्या बियात. तेल फोडण्याच्या या कामात प्रत्येक फेरीला हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि ते साठून पेशी जळू नये म्हणून तिथेच कॅटलेज तयार असतं. म्हणजे आपण बाटलीतून जे द्रव्य ओतायला निघालो आहोत, ते उगवणारं बी स्वतःच बनवत असतं. शेंगदाणा, सूर्यफूल, तीळ, भांग, सगळ्यांचं हेच.

ते नुसती टाकाऊ वस्तू म्हणून बनतं असंही नाही. पॅरिसमध्ये बियांवर काम करणारे क्रिस्तॉफ बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असं मांडलं की बियातल्या या तिखट ऑक्सिजन-संयुगांना एक पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या खाली ती फार कमी पडतात आणि बी झोपेतच राहतं. पट्ट्याच्या वर गेली तर पेशी मारतात. पट्ट्याच्या आत असली तर ती ‘जागं हो’ असा निरोप पोचवतात. पेरॉक्साइड घालावं की नाही, या वादातले दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर का असतात ते इथे कळतं. एकाने पट्ट्याच्या आत राहून घातलेलं असतं, दुसऱ्याने पट्टा ओलांडलेला असतो.

बाहेरून घातलेल्या पेरॉक्साइडने खरोखर फायदा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या एकसारख्या नाहीत. १९५८ मध्ये अमेरिकेत डग्लस फरसारख्या सूचिपर्णी झाडांच्या बियांसाठी एक चाचणी मांडली गेली. मुळाच्या टोकाकडचं कवच छाटायचं, बी एक टक्का पेरॉक्साइडमध्ये ठेवायचं आणि मूळ लांबलं तर बी जिवंत धरायचं. एरवी अशा बियांच्या उगवणीची वाट बरेच आठवडे पाहावी लागते. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी झिनियाच्या बाबतीत दाखवलं की तिच्या फळाच्या कवचातच उगवण अडवणारी द्रव्यं असतात आणि पेरॉक्साइड त्यांना जाळून टाकतं. झिनियाचं ‘बी’सुद्धा भांगेसारखंच कवचातलं फळ आहे. आणि २०२१ मध्ये कॅनडाच्याच लेथब्रिज विद्यापीठातून गांजाच्या बियांसाठी एक पद्धत प्रसिद्ध झाली, ज्यात बी एक टक्का पेरॉक्साइडमध्ये ठेवून साध्या पाण्यापेक्षा लवकर आणि चांगली उगवण मिळाली. पण त्या संशोधकांची गरज काय होती ते पाहायला हवं. त्यांना प्रयोगशाळेतल्या निर्जंतुक बाटलीत रोपं वाढवायची होती, जिथे बुरशीचा एक बीजाणूही सगळी बाटली नासवतो. बी धुणं आणि उगवणं ही दोन्ही कामं एकाच द्रावणात उरकणं ही त्यांच्यासाठी मोठी सोय होती. मातीत लावणाऱ्याची गरज ती नसते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सांगते. पेरॉक्साइड हे मुख्यतः बियाचं बाहेरचं अंग स्वच्छ करणारं द्रव्य आहे. जुनं, नीट न धुतलेलं, फळाचा गर चिकटून वाळलेलं बी असेल, साठवणीत कुबट वास लागला असेल, किंवा कागदात ठेवल्यावर हमखास बुरशी धरणारं कारल्या-दोडक्यासारखं जाड टरफलाचं बी असेल, तर ते वापरावं, फरक दिसतो. ताजं, स्वच्छ, विकतचं बी असेल तर पाणी पुरतं. आणि जी बुरशी टरफलाच्या आत शिरून बसली आहे तिथवर ते पोचत नाही. कोबीवर्गाच्या बियांना पन्नास अंशांच्या गरम पाण्यात ठेवण्याची पद्धत त्यासाठीच आहे, आतल्या रोगजंतूसाठी. तसंच, वर आलेलं रोप दोन दिवसांत मातीलगत काळं पडून कोलमडतं ना, ती मर मातीतल्या बुरशीमुळे होते. बी पेरॉक्साइडमध्ये भिजवून तिच्यावर काही उपाय होत नाही. पाणी कमी करा, माती बदला, रोपांना हवा लागू द्या.

मेलेलं बी तर कशानेच उठत नाही. आमच्याकडे टेट्राझोलियमची चाचणी असायची. भिजलेलं बी उभं चिरून त्या रंगहीन द्रावणात ठेवायचं आणि काही तासांनी भिंगाखाली धरायचं. जिवंत भाग श्वास घेत असतो, तो लाल होतो. मेलेला भाग पांढराच राहतो. कित्येक सोयाबीनच्या दाण्यांत दोन्ही दलं सुरेख लाल झालेली आणि नेमकं मुळाचं टोक पांढरं पडलेलं मी पाहिलं आहे. मळणीयंत्राचा फटका तिथेच बसलेला असतो. बाहेरून दाणा अगदी टपोरा, पिवळाधमक दिसतो. असा दाणा कुठल्याही द्रावणात घाला, त्यातून रोप होत नाही.

बाटलीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नुकसान होतं ते इथेच. औषधाच्या दुकानात आपल्याकडे बहुधा सहा टक्क्यांचं मिळतं, त्यावर ‘२० व्हॉल्यूम’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे एक लिटर द्रावणातून वीस लिटर ऑक्सिजन निघतो. परदेशात सहसा तीन टक्क्यांची बाटली असते. एक टक्का करायचं तर सहा टक्क्यांच्या एका भागाला पाच भाग पाणी, तीन टक्क्यांच्या एका भागाला दोन भाग पाणी. लेबल न वाचता दुसऱ्याने सांगितलेलं ‘दोन झाकणं’ हे माप घेऊ नये, कारण त्याची बाटली वेगळी असू शकते. तीस-पस्तीस टक्क्यांचंही हल्ली घरपोच मिळतं. ते घरात आणूच नये. कातडीवर पडलं तर जागा पांढरी पडून चुरचुरते, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. पातळ केलेलं द्रावण साठवू नका, लागेल तेवढं त्याच वेळी करा. मूळ द्रावण त्याच्याच गडद किंवा अपारदर्शक बाटलीत, अंधारात ठेवा, उजेडाने ते विघटतं. व्हिनेगरमध्ये तर मिसळूच नका, त्यातून नाकाडोळ्यांना झोंबणारं पेरॅसेटिक आम्ल तयार होतं. बाटली जुनी असेल तर आधी बटाट्याच्या कापावर थेंब टाकून बघा. फेस आलाच नाही तर ते आता पाणीच झालेलं आहे.

बी टाकल्यावर बारीक बुडबुडे बियाला चिकटतात आणि काही बिया वर येतात. तरंगलं ते पोचट म्हणून फेकू नका. बुडबुड्यांनीच त्याला उचललेलं असतं. हलक्या हाताने ढवळलं की बहुतेक खाली बसतात. फुटक्या, तडकलेल्या दाण्याभोवती फेस जास्त दिसतो, कारण आतल्या कॅटलेजला बाहेर यायला वाट मिळालेली असते. एक टक्क्याच्या द्रावणात मी फार तर रात्रभर ठेवते, सकाळी साध्या पाण्याने धुते आणि मग ओल्या कागदात गुंडाळते. कागद पिळून घेतलेला हवा, बोटाने दाबल्यावर पाणी सुटायला नको. मूळ दिसलं की पुन्हा पेरॉक्साइड नाही. कोवळ्या मुळाचं टोक फार नाजूक असतं, तीव्र द्रावणाने ते तपकिरी पडतं आणि मग वाढत नाही.

भाच्याला मी उरलेलं बी दोन वाट्यांत वाटायला लावलं. एकीत साधं पाणी, एकीत एक टक्का पेरॉक्साइड. दोन्ही रात्रभर भिजवून ओल्या कागदात घालून स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर, जिथे पंचवीस अंशांच्या आसपास ऊब होती. पेरॉक्साइडमधल्या बियांची मुळं थोडी आधी दिसली, पण आठवडा संपेस्तोवर दोन्हींकडे सारखीच उगवण होती. मूठभर बियांवरून निष्कर्ष काढायचा नसतो. प्रयोगशाळेत चारशे दाणे, शंभर-शंभरच्या चार गटांत मोजतात, ते उगाच नव्हे. पण तळघरातला गारठा आणि चार दिवसांचं बुडणं गेलं, हे त्याला पुरलं. शेजारी साध्या पाण्याची वाटी ठेवल्याशिवाय कुठल्याही औषधाची परीक्षा करू नका, हे मी सगळ्यांनाच सांगते, कारण जे बी एरवीही उगवणारच होतं त्याचं श्रेय फार लवकर बाटलीला जातं.

राहिला प्रश्न सोयाबीनचा, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर घरं चालतात. सोयाबीनला पेरॉक्साइड नको आणि भिजवणंही नको. त्याची साल फार पातळ असते. पाणी झपाट्याने आत शिरलं तर दलं तडकतात आणि पेशींमधला ऐवज बाहेर गळतो. ज्यांनी लवकर उगवावं म्हणून पेरणीआधी भिजवलं, त्यांची निम्मी उगवण हातची गेलेली मी पाहिली आहे. त्याला बुरशीनाशकाची कोरडी बीजप्रक्रिया करा, मग रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणूखतं लावा, सावलीत सुकवा, आणि पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. पेरॉक्साइड आणि रायझोबियम यांची गाठ तर पडूच देऊ नका, एकाचं कामच दुसऱ्याला मारणं हे आहे. आणि पेरण्याआधी घरी चाचणी घ्या. धुतलेलं गोणपाट ओलं करून अंथरा, पोत्यांच्या वेगवेगळ्या थरांतून काढलेले, न निवडलेले शंभर दाणे त्यावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून सैलसर गुंडाळा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. आठव्या दिवशी उघडा आणि ज्यांना धड मूळ आणि धड कोंब दोन्ही आहेत तेवढेच मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त भरले तर नेहमीच्या प्रमाणात पेरा, कमी भरले तर त्या हिशेबाने एकरी बियाणं वाढवा.